साळवेसरांचा उजवा गुडघा

आमच्या शिरूरच्या शाळेत मुलांना गुडघ्यांवर उभं करायची शिक्षा ड्रिलमास्तरांनी आणली. ते पलटणीतून आले होते. मैदानाच्या या टोकावरून ते एकच शब्द ओरडायचे, “नीलडौन!” आणि त्या टोकाचं पोरगं असेल तिथं गुडघे टेकायचं. यात दोन शब्द आहेत अशी शंका कुणाला कधी आली नव्हती. मलाही नाही. म्हणून नव्यानं आलेल्या साळवेसरांनी वर्गात ‘नील’ हे क्रियापद उच्चारून त्याचा अर्थ लिहायला सांगितला, तेव्हा निम्म्या वर्गानं ‘धुतलेल्या धोतराला घालतात ती’ असं लिहून दिलं.

साळवे कागदांचा गठ्ठा घेऊन शिक्षकांच्या खोलीत आले आणि माझ्यासमोर बसले. मी भूगोल शिकवत असे. त्यांचा माझा परिचय जेमतेम आठवड्याचा.

“दरेकर,” ते म्हणाले, “मुलांची चूक नाही. हा शब्द त्यांना आजवर कुणी बोलून दाखवलेला नाही. नुसता ओरडलाय.”

एवढं बोलून त्यांनी सगळ्यांना अर्धा अर्धा गुण दिला. निळीबद्दलची माहिती बरोबर होती म्हणून.

पीटर साळवे नगरकडच्या एका खेड्यातले. त्यांचे आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते, वडीलही मास्तर. अंगानं किडकिडीत, उंच, कोट बाराही महिने एकच. वय चाळिशीच्या पलीकडे, लग्न झालेलं नाही. का झालं नाही हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. आमच्या घरासमोर त्यांनी एक खोली भाड्यानं घेतली होती. संध्याकाळी दार उघडं असे आणि आतलं सगळं दिसे. पाण्याच्या तांब्याला पुस्तक टेकवून ते जेवत. पान उलटायचं झालं की डावा हात वापरत. माझी बायको कमल म्हणे, “त्या माणसाला कालवण काय होतं ते सुद्धा सांगता यायचं नाही.” ते खरं होतं. एकदा तिनं विचारलं, तेव्हा त्यांनी पुस्तकाचं नाव सांगितलं होतं.

शिकवणं मात्र तोंडानं कमी आणि अंगानं जास्त. ‘स्टॅगर’ शिकवायचं तर झोकांड्या खात फळ्यावर आपटायचे. ‘यॉन’ शिकवताना सगळा वर्ग जांभया देऊ लागे आणि पुढचा तास माझा असे. गुडघ्यांचा धडा हा त्यांचा खास. त्या दिवशी ते पॅंटला धूळ लावूनच वर्गाबाहेर पडत. आधी ते फळ्यावर ‘नील’ लिहीत आणि सुरुवातीच्या ‘के’ वर बोट ठेवत.

“हा के. हा गप्प आहे. ओसरीवर म्हातारं माणूस बसलेलं असतं, बोलत नाही, हलत नाही. पण त्याला घरातून काढून बघा, शेजारीपाजारी काय म्हणतील ते.”

मग प्लॅटफॉर्मवर प्रात्यक्षिक. देवापुढे दोन्ही गुडघे टेकले की ‘नील्ड’ किंवा ‘नेल्ट’, दोन्ही चालेल. गयावया करायची तर ‘ऑन बेंडेड नी’, आणि तिथं ‘बेंट’ का नाही याला कारण नाही, इंग्रजांच्या पूर्वजांना विचारा. सैन्य हरलं की ‘ब्रॉट टु इट्स नीज’. मागणी घालताना ‘वेंट डाऊन ऑन वन नी’, तिथं एकच. हे शेवटचं ऐकून मुलं हसायची. साळवे हसत नसत. एकदा मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, “सर, आमच्यात असं गुडघ्यावर बसलं तर पोरीचा बाप म्हणंल पोराला वात हाय.” साळवेंनी त्याला बसायला सांगितलं आणि म्हणाले, “वाक्य इंग्रजीत करून आण.” त्यानं आणलं. ‘वात’ ला ‘विंड’ केला होता. साळवेंनी ते वाचून दाखवलं आणि तो तास तिथंच संपला.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. कुणी काही सांगायला आलं, अगदी मारामारीची तक्रार असली, तरी ते म्हणत, “आधी क्रियापद कोणाचं ते सांगा.” म्हणजे कोणी केलं, आणि कोणाला झालं. यातला फरक कळला की निम्मं इंग्रजी आलं असं त्यांचं मत होतं. उरलेलं निम्मं कुठलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

गावातले लोक त्यांच्याकडून अर्ज लिहून घेत. न्हावऱ्याच्या अलीकडे एक वस्ती होती, तिथं एष्टी थांबत नसे. तिथले एक आबा साळवेंकडे आले. इंग्रजीत अर्ज गेला तर साहेब वाचतो, अशी तेव्हाची समजूत. साळवेंनी झकास अर्ज लिहिला आणि मराठीत अर्थ सांगत वाचून दाखवला. शेवटी ‘ऑन बेंडेड नीज’ होतं.

“म्हंजी काय?” आबा म्हणाले.

“म्हणजे गुडघे टेकून विनंती करतो.”

“कोन?”

“तुम्ही. म्हणजे कागदावर, आबा. तशी पद्धत आहे.”

“कागदावर तरी कशापायी? मी गाडी थांबवा म्हनतोय. फुकट बसवा म्हनत न्हाई.” आबांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. “आन् त्यो सायेब ह्ये वाचंल, तर म्हनंल, म्हातारा निवांत गुडघं टेकून बसलाय, बसू द्या.”

साळवेंनी ती ओळ खोडली. मग खोडलेलं बरं दिसत नाही म्हणून सगळा अर्ज पुन्हा लिहिला. वस्तीला थांबा मिळाला. अर्जामुळे की जवळ आलेल्या निवडणुकीमुळे, ते आबांनाही सांगता आलं नाही. साळवे मला म्हणाले, “आबांचा मुद्दा बिनतोड आहे. इंग्रजीत गुडघा फार लवकर वाकतो.”

खुद्द त्यांचा गुडघा मात्र लवकर वाकत नव्हता. उजवा. कधीतरी सायकलवरून पडले होते, त्यात वाटीला मार बसला होता. रविवारच्या उपासनेत ते सगळ्यांबरोबर गुडघे टेकत, पण उठताना पुढचं बाक धरून, तोंड वाकडं करून, सगळ्यांच्या नंतर उठत. मंडळींना वाटे, साळवे जास्त वेळ प्रार्थना करतात. त्यांच्याविषयीचा आदर त्यामुळे वाढला होता. त्यांनी तो कमी होईल असं काही केलं नाही.

दर शनिवारी दुपारी ते एष्टीनं दौंडला जात. तिथं रेल्वेतल्या काही लोकांना खात्याच्या परीक्षेसाठी इंग्रजी हवं होतं. त्या वर्गात एका दवाखान्यातल्या नर्सबाई येऊ लागल्या. मार्था हिवाळे. त्यांना परीक्षा नव्हती. डॉक्टर काय लिहितात ते आपलं आपल्याला वाचता यावं, एवढंच त्यांचं म्हणणं. पस्तिशीच्या, ठेंगण्याशा, सावळ्या, आणि बोलणं असं की एकदा बोलल्या की पुन्हा विचारायची सोय नाही. त्यांच्याबद्दल मला कळलं ते गुडघ्यांच्या धड्यामुळेच.

साळवेंनी दौंडलाही तो धडा घेतला. प्रार्थना झाली, गयावया झाली, पराभव झाला. हिवाळेसिस्टर उभ्या राहिल्या.

“सर, यातलं माझं एकही नाही.”

“म्हणजे?”

“मी रोज गुडघे टेकते. खाटा पुरत नाहीत, पेशंट खाली झोपवलेले असतात. त्यांच्या पायाला पट्टी बांधायची तर दुसरं काय करणार? त्यात विनंती नाही, शरण जाणं नाही, आणि खरं सांगायचं तर तेव्हा प्रार्थनाही सुचत नाही. त्याला तुमच्या इंग्रजीत काय म्हणतात?”

साळवेंना उत्तर आलं नाही. तसं त्यांनी वर्गात कबूल केलं. पुढचा सगळा आठवडा ते शिक्षकांच्या खोलीत शब्दकोश चाळत असायचे. शुक्रवारी मधल्या सुट्टीत ते एकदम माझ्या टेबलाशी आले. “दरेकर, बिसाइड!”

“काय बिसाइड?”

“शी नेल्ट बिसाइड हिम. त्याच्या शेजारी. मी आयुष्यभर ‘टु’ शिकवलं, ‘बिफोर’ शिकवलं, म्हणजे कुणाच्या तरी पुढे. बिसाइड राहूनच गेलं.”

मी बरं म्हणालो. मला त्या दिवशी सहामाहीचे पेपर तपासायचे होते. पण तिथून पुढे साळवे शनिवारी दाढी दोनदा करू लागले, एवढं माझ्याही लक्षात आलं. कमलच्या त्याआधीच आलं होतं. तिनं समोरच्या खोलीकडे पाहून सांगितलं, “आता ते तांब्याला पुस्तक लावत नाहीत. नुसतेच जेवतात.”

त्या हिवाळ्यात शाळेसाठी मागवलेले नकाशे रेल्वेच्या पार्सलनं दौंडला आले. ते उतरवून घ्यायला मी एका शनिवारी साळवेंबरोबर गेलो. एष्टीत ते खिडकीबाहेर बघत होते. न्हावरं मागे पडल्यावर म्हणाले, “दरेकर, टेकवायचा तो डावा की उजवा?”

मला वाटलं, व्याकरण आहे. मी म्हणालो, “पुस्तकात काय दिलंय?”

“पुस्तकात दिलेलं नाही.”

“मग कुठलाही चालत असेल.”

हा सल्ला मी दिला होता, हे मी नंतर कुणाला सांगितलं नाही.

हिवाळेसिस्टर त्या दिवशी रजेवर, सोलापूरला भावाकडे निघाल्या होत्या. साळवे त्यांना पोचवायला फलाटावर आले. मी नकाशांची गुंडाळी मांडीवर घेऊन थोडा लांब एका बाकावर बसलो. गाडीला वेळ होता. ते दोघं पाण्याच्या नळाजवळ उभे राहून बोलत होते. म्हणजे सिस्टर बोलत होत्या. मग साळवेंनी कोटाचं बटण लावलं, इकडेतिकडे पाहिलं आणि सावकाश उजवा गुडघा फलाटावर टेकला.

सिस्टर म्हणाल्या, “काय पडलं?”

साळवेंनी तोंड उघडलं, पण तेवढ्यात एक हमाल थांबला. “काय हरवलं वो, सायेब?”

“काही नाही.”

“आंगठी हाय का? रुळाकडं गेली आसंल.” त्यानं डोक्यावरची ट्रंक खाली ठेवली आणि वाकून शोधायला लागला. एक चहावाला आला, तोही वाकला. एक म्हातारी लुगडं आवरून बाजूला झाली, आपल्या पायाखाली असेल तर सापडावं म्हणून. या सगळ्यांच्या मधोमध साळवेंनी वर पाहिलं आणि स्वच्छ उच्चारांत, वर्गात म्हणतात तसं, ते इंग्रजी वाक्य म्हटलं. लग्न कराल का, असं विचारणारं.

म्हातारीला आणि हमालाला ते कळलं नाही. चहावाल्याला कळलं. तो फलाटावर साहेबलोकांना चहा देत आलेला होता. त्यानं किटली खाली ठेवली आणि टोपी काढली.

सिस्टरनी हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाल्या, “आधी उठा.”

साळवे उठले नाहीत.

“अहो, उठा ना. लोक बघताहेत.”

“उठता येत नाही,” साळवे म्हणाले. गुडघा अडकला होता.

मी धावलो. माझ्या आधी सिस्टर त्यांच्या शेजारी फलाटावर गुडघे टेकून बसल्या होत्या आणि त्यांनी पॅंटवरूनच वाटी दाबून पाहायला सुरुवात केली होती. “किती दिवसांचं आहे हे? आत पाणी झालंय. आणि या गुडघ्यावर तुम्ही टेकलात? दुसरा होता ना!” साळवेंनी माझ्याकडे पाहिलं. मी नकाशांकडे पाहिलं.

सोलापूरची गाडी आली, थांबली आणि गेली. सिस्टर तिच्यात चढल्या नाहीत. फलाटावर पेशंट टाकून जाता येत नाही, असं त्या म्हणाल्या. आम्ही तिघं दवाखान्याकडे निघालो. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला साळवेंनी काठी म्हणून घेतलेली नकाशांची गुंडाळी. आशिया खंडाला त्या दिवशी मधोमध जी मोड पडली ती मग कधी निघाली नाही.

दवाखान्याच्या व्हरांड्यात गुडघ्याला पट्टी बांधून झाल्यावर साळवे म्हणाले, “सिस्टर, तुम्ही उत्तर दिलं नाहीत.”

“देणार नाही.” त्या कात्री धूत होत्या. “आता नाही म्हटलं तर तुम्ही लंगडत जाल, ते माझ्या मनाला लागेल. हो म्हटलं तर हिला कीव आली म्हणून हो म्हणाली, असं तुम्हाला जन्मभर वाटेल. आधी गुडघा बरा होऊ दे. जमिनीवर बसायचं नाही, सायकल नाही, एष्टीचे धक्के नाहीत. शनिवारचा वर्ग बंद.”

ही हकीकत आमच्या आधी शिरूरला पोचली. कंडक्टरनं सांगितली असेल, नाहीतर चहावाल्याचा कुणी नातेवाईक असेल. सोमवारी साळवे काठी टेकत वर्गात गेले, तेव्हा फळ्यावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं होतं, ‘साळवेसर वॉज ब्रॉट टु हिज नीज’. वर्ग इतका शांत होता, की शेजारच्या वर्गात मीही शिकवायचं थांबलो आणि दारात आलो. मुख्याध्यापकांना बोलवावं की काय असं माझ्या मनात आलं. शाळेत आल्यापासून त्यांचा असा अपमान कुणी केला नव्हता.

साळवेंनी वाक्य वाचलं. काठी टेबलाला टेकवून ठेवली आणि खडू घेतला.

“अक्षर चांगलं आहे. स्पेलिंग बरोबर आहे, के सुद्धा लिहिलाय.” त्यांनी ‘नीज’ मधला शेवटचा ‘एस’ खोडला. “पण गुडघा एकच होता. एकवचन.” मग त्यांनी ‘वॉज ब्रॉट’ च्या खाली रेघ ओढली. “आणि हे क्रियापद कोणाचं? मला कुणी आणलं का?”

त्यांनी खडू वर्गाकडे रोखला.

“आणलं नाही. मी गेलो. आपण होऊन.” त्यांनी सगळं पुसून पुन्हा लिहिलं, ‘मिस्टर साळवे वेंट डाऊन ऑन वन नी’. “उतरून घ्या.”

सगळ्यांनी उतरून घेतलं. ज्यानं लिहिलं होतं त्यानंही. त्याचं नाव मला पुढे कळलं, पण साळवेंनी ते कधी विचारलं नाही. तास सुटल्यावर ते माझ्यापाशी आले तेव्हा मात्र खडू अजून त्यांच्या हातातच होता. म्हणाले, “पाणी आहे का, दरेकर?”

पुढचे दोन-अडीच महिने ते शाळा ते घर आणि घर ते शाळा एवढंच चालले. दौंडहून काही निरोप आला नाही. त्यांनीही पाठवला नाही. “डॉक्टरकडं मधेच चौकशी करायची नसते,” असं म्हणाले. जेवायला कमल त्यांना आमच्याकडेच बोलवायची. ते मुकाट जेवायचे, आणि आता कालवण काय आहे ते त्यांना कळायचं.

उन्हं तापायला लागली त्या सुमारास एका रविवारी, दुपारच्या एष्टीनं हिवाळेसिस्टर आल्या. सरळ आमच्या घरी. कमलनं चहा टाकला. मी समोरून साळवेंना हाक मारली. ते आले, दारात थबकले आणि नमस्कार करायचं विसरले.

“बसा,” सिस्टर म्हणाल्या. “पाय लांब करा. आता दुमडा. पुन्हा. दुखतंय?”

“नाही.”

“खरं सांगा.”

“थोडं. इथं.”

“ते राहणारच.” मग त्यांनी साळवेंना आमच्या अंगणातून फाटकापर्यंत चालायला लावलं. उकिडवं बसवलं, उठवलं. आम्ही नवराबायको उंबऱ्यात उभं राहून पाहत होतो. “झाला बरा,” त्या म्हणाल्या. “आता विचारा काय विचारायचं ते.”

साळवे खाली वाकू लागले.

“उभं राहून. आणि मराठीत.”

साळवेसरांना मी कधी शब्दासाठी अडलेलं पाहिलं नव्हतं. त्या दिवशी ते अडले. कोटाचं बटण लावलं, काढलं. या गोष्टीसाठी इंग्रजीतली सगळी वाक्यं त्यांना ठाऊक होती, मराठीतलं एकही त्यांनी कधी म्हणून पाहिलं नव्हतं. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, “मला एकट्यानं जेवायचा कंटाळा आलाय.”

“मग?”

“तुम्ही आलात तर बरं होईल.”

सिस्टरनी चहाचा कप कमलच्या हातात दिला, पिशवी उचलली, बाहेरच्या उन्हाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “येते.” आणि त्या गेल्या.

आम्ही तिघं तसेच उभे. साळवे दाराकडे बघत होते.

“दरेकर,” ते हळूच म्हणाले, “त्या ‘येते’ म्हणाल्या, ते जाताना म्हणतात तसं, की येते असं?”

मी विचार करू लागलो. कमल म्हणाली, “अहो भाऊजी, यांना काय विचारता? त्या स्टँडवर असतील!”

साळवे निघाले. आधी भरभर, मग धावत, पायात घरातल्या सपाता, टोपी नाही. मी मागोमाग गेलो. स्टँडवर पोचलो तर दौंडची गाडी हलली होती आणि साळवे तिच्याबरोबर धावत खिडकीशी काहीतरी विचारत होते. आतून उत्तर आलं की नाही ते इंजिनाच्या आवाजात कळलं नाही. कंडक्टरनं घंटी मारली, गाडी थांबली, दार उघडलं आणि साळवे आत चढले. तिकिटाला पैसे होते का, कुणास ठाऊक. सोमवारी शाळेत आले नाहीत. मंगळवारी आले ते रजेचा अर्ज घेऊन. त्यात लग्नाचं कारण एका ओळीत, साध्या मराठीत दिलं होतं.

जूनपासून ते दौंडच्या शाळेत लागले. आमच्याकडे इंग्रजीला कुणी तरुण गृहस्थ आले. त्यांच्या पॅंटला कधी धूळ लागली नाही.

तीन-चार वर्षांनी परीक्षेच्या देखरेखीसाठी मी दौंडला गेलो, तेव्हा त्यांच्याकडे जेवायला होतो. साळवे थोडे भरले होते. मार्थाबाई वाढत होत्या. बोलता बोलता मी त्यांना विचारलं, “वहिनी, त्या दिवशी आमच्या घरातून निघताना तुम्ही ‘येते’ म्हणालात, ते नेमकं कुठल्या अर्थानं?”

“कुठल्या म्हणजे? एष्टी सुटायला आली होती. येते म्हटलं, जाताना म्हणतात ते. विचार करायचा होता मला, दौंडला जाऊन.” त्यांनी माझ्या पानात भाकरी वाढली. “हे असे धावत आले, त्या सपाता घालून. मग विचार करायचा राहूनच गेला.”

साळवेंच्या हातातला घास पानाजवळच थांबला. “हे तू मला कधी सांगितलं नाहीस.”

“तुम्ही विचारलंत कुठं?”

“गाडीत विचारलं होतं.”

“गाडीत तुम्हाला दम लागला होता. म्हटलं, आता सांगितलं तर उतराल आणि पुन्हा तेच पाय घेऊन चालत जाल.”

साळवेंनी तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “आमटी वाढ जरा.”

जेवून मी निघालो. दोघं फाटकापर्यंत पोचवायला आले. वळणावर जाऊन मागे पाहिलं, तर ती दोघं तिथंच उभी होती. साळवे हातवारे करून तिला काहीतरी पुन्हा पुन्हा विचारत होते, आणि मार्थाबाई फाटकाला धरून हसत होत्या.